टी-शर्टावरची तिसरी

खोकी उघडली तेव्हा ओझेला लांबच्या टेबलावर कोबीचं सॅलड मांडत होती, त्यामुळे व्हायचा तो घोटाळा तिला सगळ्यांच्या शेवटी कळला.

"सरका, सरका! रेटारेटी करू नका, सगळ्यांच्या मापाचे आणलेत!" इव्हेट घसा ताणून ओरडत होती. इव्हेट म्हणजे ओझेलाच्या भाच्याची, क्लिफ्टनची बायको. मागच्या मेळाव्यातल्या टी-शर्टांचा रंग पहिल्याच धुण्यात गेला आणि अर्ध्या टॉलिव्हर खानदानाच्या बनियनी गुलाबी झाल्या. तेव्हापासून टी-शर्ट समिती तिने आपल्या हातात घेतली होती. समितीत ती एकटीच होती. बाकीच्यांनी राजीनामे दिले होते.

दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये टॉलिव्हर खानदान बेल आइलवर, नदीतल्या त्या बेटावर, जमायचं. अलाबामातून, शिकागोतून, कुठून कुठून गाड्या भरून माणसं यायची. डुकराच्या रिब्ज भाजायच्या, पत्त्यांत व्हिस्टचे डाव मांडायचे, दोन जुनी भांडणं उकरायची, एक नवं काढायचं आणि उन्हं उतरताना सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालून नदीकडे पाठ करून फोटो काढायचा. फोटोत जो नसेल तो मेळाव्याला आलाच नव्हता असं धरायचे, मग भले त्याने अख्खं डुक्कर एकट्याने संपवलेलं असो.

यंदाचे टी-शर्ट पिवळेधमक होते. छातीवर काळ्या रंगात तीन मुली. उंच विग, लांब पापण्या, खांद्यावरून उतरलेले गाऊन, आणि तिघींचा एकेक हात कुणीतरी टॅक्सी थांबवावी तसा वर गेलेला. खाली लिहिलेलं: 'टॉलिव्हर कुटुंब – आमच्या घरच्या मेरिव्हेल्स!'

"मावशी, बघा तरी! तुम्हाला खूश करायचं म्हणून केलंय हो सगळं," इव्हेट टी-शर्ट नाचवत आली. "तुमच्या गाण्यांच्या तबकडीचं, गाजलेली बाराचं, कव्हरच छापून घेतलं! तुम्ही, क्लिफ्टनच्या आई आणि बिचारी कॉरीन मावशी. काय गोड दिसता हो तुम्ही यात!"

ओझेलाने हातातला सॅलड वाढायचा डाव खाली ठेवला. मधली व्हर्डेल, तिची थोरली बहीण. डावीकडे चुलतबहीण कॉरीन, तिला जाऊन चार वर्षं झाली. आणि उजवीकडे, गोड दिसणारी, ती बर्निस पिटमन. तबकडी कंपनीच्या कचेरीत टाइपिंग करणारी बर्निस.

ओझेलाने मान वर केली. हिरवळीवर पन्नास-साठ बर्निसा हिंडत होत्या. एक बर्निस कोळसा फुंकत होती, एक बर्निस पोराचं नाक पुसत होती. ऑटिस मामाच्या पोटावर तर बर्निस इतकी ताणली गेली होती की तिचे दोन्ही कान बगलेत गेले होते.

"छान आहे," ओझेला म्हणाली. "मला होणार नाही पण."

"अहो होईल! तुमच्यासाठी मुद्दाम ट्रिपल एक्स्ट्रा-लार्ज आणलाय!"

हे इव्हेट इतक्या मोठ्याने बोलली की पलीकडच्या शामियान्यातल्या दुसऱ्या कुणाच्या मेळाव्यातही चार माना वळल्या. ओझेलाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. एवढी वर्षं ती शहराची बस चालवत होती. ग्रॅशियटच्या रस्त्यावर नाणं न टाकता मागे सटकणारी माणसं त्या नजरेने परत पुढे येत. इव्हेट मात्र बसने कधी गेलीच नव्हती.

* * *

'गाजलेली बारा' हे प्रकरण टॉलिव्हरांच्या घरात बायबलच्या खालोखाल होतं, आणि खरं बोलायचं तर बायबलपेक्षा जास्त झिजलेलं. मेरिव्हेल्सच्या निवडक बारा गाण्यांची ती एक तबकडी. निघाली तेव्हा सगळ्यांनी घेतली. मग टेप आली, तेव्हा पुन्हा घेतली. आता सीडी आलीय, तर तिसऱ्यांदा घेतली, आणि वर म्हणतात कसे, 'जुन्या तबकडीची सर नाही हं.' लोकांनी घरं विकली, नवरे सोडले, गाजलेली बारा कुणी सोडली नाही. ऑटिस मामाची दुसरी बायको घर सोडून गेली तेव्हा टीव्ही ठेवून तबकडी घेऊन गेली, आणि मामा अजून म्हणतो की न्यायाने टीव्ही तिला द्यायला हवा होता.

आणि प्रत्येकाला वाटे की ही गाणी मलाच तेवढी कळलीत. लग्न झालेल्यांना ती लग्नाची वाटत, मोडलेल्यांना मोडल्याची. क्लिफ्टनसारख्या विमा कंपनीतल्या माणसाला त्यात ढोलकीच्या मागे वाजलेली साखळी ऐकू येई, आणि तो ती पाहुण्यांना तीनतीनदा ऐकवी. बारांतलं पहिलं गाणं तर लहान पोरांनाही पाठ. व्हर्डेल खालच्या, मधाळ आवाजात म्हणते, 'जातोस तर दार ओढून घे...' आणि वरून, कुठून तरी छपरावरून यावा तसा दुसरा आवाज कडाडतो, 'आणि किल्ली ठेवून जा!'

व्हर्डेलची ओळ कुणीच गात नसे. लग्नात, मासे तळायच्या शुक्रवारी, गाडीत, मोरीत, सगळे वाट बघायचे ती किल्लीची. ती आली की माणसं भान विसरून बोट नाचवत ओरडायची.

तो किल्लीवाला आवाज ओझेलाचा होता. बाराच्या बारा गाण्यांत वर जो म्हणून आवाज होता, तो ओझेलाचा. हे पक्कं माहीत असलेली माणसं आता जगात चार उरली होती. एक ती स्वतः, दुसरी व्हर्डेल, तिसरी त्यांची आई आणि चौथी ती टाइपिस्ट.

* * *

"आई घालत नाहीये टी-शर्ट," रोंडाने, ओझेलाच्या लेकीने, जाहीर केलं. झालं! व्हिस्टचा डाव थांबला.

"घालत नाही म्हणजे? फोटो कसा काढायचा?" ऑटिस मामा पत्ते छातीशी धरून म्हणाला. छातीशी धरले म्हणजे बर्निसच्या तोंडावर धरले.

"मी तीन आठवडे छापखान्याच्या पायऱ्या झिजवल्या," इव्हेटचा आवाज कापायला लागला. "माझं मेलीचं कौतुक कुणाला असणार? मी पडले बाहेरची."

"तू बाहेरची कसली, तू तर छातीवरच बसलीस सगळ्यांच्या," रोंडा म्हणाली. या दोघींचं मागल्या ईस्टरच्या मॅकरोनीपासून बिनसलेलं होतं.

"ए, तुम्ही दोघी गप्प बसा," क्लिफ्टन मध्ये पडला. "मावशी, काय झालं? फोटो आवडला नाही का तुला तुझा?"

"माझा असता तर आवडला असता," ओझेला म्हणाली. "ही बर्निस पिटमन आहे."

कुणी हसलं, कुणी म्हणालं काहीतरीच काय. रोंडाने तर टी-शर्ट आईच्या तोंडाशेजारी धरून पाहिला. "आई, अगं तूच आहेस की! डोळे बघ, नाक बघ."

"ते डोळे नाहीत, रोंडा, त्या चिकटवलेल्या पापण्या आहेत. आणि नाक त्या कंपनीने तिघींनाही एकच दिलं होतं, पावडरीने." ओझेला खुर्चीत बसली. "ऐका आता. कव्हरचा फोटो काढायचा त्या आठवड्यात मला गालगुंड झालं. इथून इथपर्यंत. कशाने झालं? तर व्हर्डेल गेली होती फिलाडेल्फियाला, वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायला, आणि तिचं पोर होतं माझ्याकडे. त्या पोराला झालेलं गालगुंड. मी त्याला रात्रंदिवस मांडीवर घेतलेलं."

सगळ्यांच्या माना क्लिफ्टनकडे वळल्या. क्लिफ्टनने नकळत आपला गाल चाचपला.

"मग कंपनीवाले म्हणाले, गाऊन तर शिवून तयार आहे. कचेरीतली बर्निस साधारण याच मापाची. तिला उभी केली. व्हर्डेल मला फोनवर म्हणाली, 'फोटोपुरतंच गं, झेला.' मग तबकडी निघाली, गाजली. दौरा ठरला. आणि दौऱ्यावर लोक कव्हरवरचं तोंड शोधणार ना! कव्हर बदलायला खर्च येतो, पोरगी बदलायला येत नाही. बर्निसला बसमध्ये बसवलं, मला घरी."

ओझेलाने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईने त्या वेळी दोघींना स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं होतं की या घरात यावर शब्द निघणार नाही. निघाला नाही. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की झेला आधी होती, मग आजारी पडली, मग नव्हती. आता सांगून टाकल्यावर तिला वाटलं, कुणीतरी उठेल, हातातला शर्ट फेकेल, काहीतरी बोलेल.

क्लिफ्टन उठला. गाडीकडे पळत जाऊन सीडीच्या डबीतली पुस्तिका घेऊन आला, चष्मा लावला आणि पानं उलटली.

"मावशी बरोबर सांगतेय!" तो ओरडला. "इथे आहे. 'डावीकडून: कॉरीन, व्हर्डेल, बर्निस.' अरे, म्हणजे खरंच बर्निस आहे ही!"

"मी काय ओव्या म्हणत होते काय मघापासून?"

"पण मावशी," क्लिफ्टनचा आवाज एकदम विमा नाकारतानाचा झाला, "म्हणजे मग गाणीही बर्निसचीच झाली ना."

"काय?"

"हे बघ ना. 'वरचा आवाज: बर्निस पिटमन.' बाराही गाण्यांपुढे. छापलंय. अभ्यास करून लिहिलेलं असतं हे, मावशी. किल्लीच्या ओळीवर तर अख्खा परिच्छेद आहे. 'बर्निसच्या आवाजातली ती धारदार, शहरी वेदना...'"

"बर्निसला वेदना एकच होती, बोटांची," ओझेला म्हणाली. "अरे, मी गायलेय ते! मी! त्या तळघरात, थंडीने दात वाजत होते, तरी सतरा वेळा!"

"तुला तसं आठवत असेल," क्लिफ्टन फार प्रेमाने म्हणाला. "फार वर्षं झाली गं. माणसाचा गोंधळ होतो."

म्हणजे फोटोचा खटला ती जिंकली आणि त्याच कागदावर आवाजाचा हरली. सकाळी लोकांना निदान वाटत होतं की शर्टावर मावशी आहे आणि गळाही तिचाच आहे. आता तिने स्वतःच्या तोंडाने तोंड घालवलं होतं, आणि तोंडापाठोपाठ गळाही गेला. इव्हेटने शर्टाची घडी घालत म्हटलं, "मग चूक माझी नाही तर! मी बरोबरच मेरिव्हेल्स छापल्या." ऑटिस मामाने हुकमाची राणी आपटली. डाव पुन्हा सुरू झाला.

रोंडा आईजवळ वाकली. "आई, खरं सांग. तू चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवतेस. मी तुला कधी गाताना ऐकलं नाही."

"हो," ओझेला म्हणाली. "ते मी बर्निसकडून शिकले." आणि मग तिला इतका राग आला, आणि रागाच्या खाली इतकं वाईट वाटलं, की पोटच्या पोरीकडे तिला बघवेना. ती उठून आईच्या खुर्चीकडे गेली.

एस्सी मे टॉलिव्हर, चौऱ्याहत्तर वर्षांची, झाडाखाली सावलीत पाय वर घेऊन बसली होती, अंगात शर्ट घालून. हीच तबकडी चौकटीत घालून तिच्या दिवाणखान्यात लावलेली होती, आणि दर शनिवारी ती तिची काच पुसत होती.

"आई, तुला तर ठाऊक होतं ना? ही मी नव्हे म्हणून?"

"ठाऊक होतं की. मी काय आंधळी आहे?"

"मग भिंतीवर कशाला लावलीस?"

म्हातारीने विचार केला. "फोटो चांगला आला होता गं," ती म्हणाली.

* * *

व्हर्डेल आली ती उन्हं कलायला लागल्यावर, पांढऱ्या भाड्याच्या गाडीतून, पांढऱ्या रेशमी सुटात. ती आता लास वेगासला राहायची आणि आठवड्यातून चार दिवस एका कॅसिनोत गायची. बाहेर पाटी असे: 'अस्सल मेरिव्हेल्स.' अस्सल म्हणजे व्हर्डेल, बर्निस आणि एक कोवळी मुलगी, जिचा जन्म गाजलेली बारा निघाल्यानंतरचा होता.

पोरं धावली, बाया धावल्या. इव्हेटने एक जाड काळं मार्कर पेन तयारच ठेवलं होतं. व्हर्डेल एकेकाच्या शर्टावर सही करत सुटली, 'प्रेमाने, व्हर्डेल'. सही बरोबर बर्निसच्या कपाळावर येत होती. तिने शर्ट पाहिला होता. पहिल्याच शर्टाला पेन टेकवताना तिचा हात थबकलेला ओझेलाने पाहिला. मग तो पुढे चालायला लागला.

"सासूबाई, तुमचा शर्ट?" इव्हेटने विचारलं.

"रेशमावर नको गं. मी आपली अशीच उभी राहीन मध्ये."

क्लिफ्टनला मात्र राहवत नव्हतं. अभ्यासू माणूस तो. "आई, एक शंका आहे. किल्लीची ओळ कुणी गायलीय? मावशी म्हणते ती. पुस्तिका म्हणते बर्निस."

रिब्ज उलटणारा चिमटासुद्धा हवेत राहिला. ओझेलाने व्हर्डेलकडे पाहिलं. तिला शर्ट नको होता, पुस्तिकेतलं नाव नको होतं, कॅसिनो तर मुळीच नको होता. तिला एवढंच हवं होतं की या माणसांसमोर, तिच्या लेकीसमोर, व्हर्डेलने एकदा म्हणावं: तो आवाज झेलाचा आहे. चार शब्दांचं काम.

व्हर्डेलने काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अरे बाळा," ती म्हणाली, "आम्ही तिघी म्हणजे एकच आवाज होतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! कुणीतरी 'आमेन'ही म्हणालं. ओझेलाने मका घेतला आणि दात लावले.

"मग गा ना, गा ना!" पोरांनी धरलं. शिकागोकडच्या मंडळींनी स्पीकर आणि माइक आणलेलाच होता. क्लिफ्टनने सीडी घातली. "तेरावं लावतो, आई. नव्या सीडीत जास्तीचं दिलंय, पहिल्याच गाण्याची नुसती वाद्यं, कुणाचाच आवाज नाही. म्हणजे तुझा आवाज मोकळा ऐकू येईल."

"तेरावं?" व्हर्डेलचा चेहरा क्षणभर उतरला. कॅसिनोत मागे सगळ्यांचे आवाज टेपवर लावलेले असत. पण माइक हातात आला होता, आणि साठ माणसं बघत होती. माइक खाली ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

ढोलकी सुरू झाली. साखळी वाजली. व्हर्डेलने डोळे मिटून एक हात वर केला, तसाच, कव्हरवरच्यासारखा, आणि गायला लागली. आवाज जाडा झाला होता पण अजून मध होता त्यात, ते नाकारून चालणार नाही. 'जातोस तर दार ओढून घे...'

आणि मग जागा आली. रिकामी.

साठ माणसांनी श्वास घेतला आणि ती एकदम किंचाळली, 'आणि किल्ली ठेवून जा!' देवा रे देवा! लग्नात, गाडीत, मोरीत तबकडीच्या पाठीवर बसून गाणं निराळं आणि मोकळ्या हवेत गाणं निराळं. निम्मे लोक किल्लीपर्यंत पोचलेच नाहीत. उरलेले पोचले ते कोंबडीच्या खुराड्यात कोल्हा शिरावा तसे. इव्हेटचा आवाज तर फाटून दोन झाला आणि दोन्ही बेसूर. बदकं उडाली. पलीकडच्या शामियान्यातून कुणीतरी हसलं.

लोक ओशाळून गप्प झाले. गाणं पुढे चाललं. दुसऱ्यांदा जागा आली तेव्हा कुणीच तोंड उघडलं नाही. व्हर्डेल वर हात धरून उभी, ढोलकी आपली वाजतेय, आणि ज्या ठिकाणी सगळ्या शहराचा जीव अडकलेला, तिथे नुसती खरखर. त्या रिकाम्या जागेत व्हर्डेल एकाएकी म्हातारी दिसायला लागली, आणि तिला ते कळलं.

"झेला," ती माइकमधून हळूच म्हणाली. "तुझी ओळ."

ओझेलाने मक्याचे दाणे नीट चावून गिळले.

"माझी कशी? शर्टावर जी आहे तिला सांग."

"झेला, नखरे नकोत आता. तिसरं कडवं येतंय."

"बर्निसला सांग ना, ताईसाहेब. तिची ती शहरी वेदना घेऊन येईल."

"व्हर्डेल!" झाडाखालून म्हातारी एस्सी मेचा आवाज आला. एरवी तिला हाक मारली तर तीनदा ऐकू येत नसे. "बोलायचं असेल तर बोलून टाक गं एकदाचं. माणसं ताटकळलीत. मी तोंड बंद करायला सांगितलं होतं, जन्मभर शिवून टाकायला नव्हतं सांगितलं."

"बर्निसला गाता येत नाही!" व्हर्डेल किंचाळली. माइक चालू होता. नदीच्या पलीकडे कॅनडातसुद्धा ऐकू गेलं असेल. "तिला कधीच येत नव्हतं! सबंध दौरा तिने नुसते ओठ हलवले, आणि वरचं सगळं कॉरीन ओढायची, रक्त ओकेपर्यंत! अजून ओठच हलवते, आणि टेपवर तुझा आवाज लागतो झेला, रोज रात्री, जुगारी लोकांपुढे! बाराच्या बारा तुझी आहेत. मी सांगितलं नाही. का, तर मला कुणी विचारलं नाही, आणि... आणि दौऱ्यावर जायचं होतं मला. झालं समाधान?"

क्लिफ्टनने पुस्तिका मिटून खिशात घातली. रोंडा आईकडे बघत होती, तोंड उघडं टाकून.

"नाही अजून," ओझेला म्हणाली. "तू दार ओढ."

व्हर्डेलने ओढलं. 'जातोस तर दार ओढून घे...'

ओझेला जागेवरून उठली नाही. माइकही घेतला नाही. शेवटच्या थांब्यावर पेंगणाऱ्यांना जागं करताना जेवढा श्वास लागतो तेवढा घेतला आणि म्हणाली,

'आणि किल्ली ठेवून जा!'

आवाज तसाच होता. जरा खरबरीत, बाकी तस्साच, छपरावरून आलेला. ऑटिस मामाच्या हातातले पत्ते पडले आणि त्याला घर सोडून गेलेली दोन नंबरची बायको आठवून ढसढसा रडू फुटलं. पलीकडच्या शामियान्यातली माणसं उठून उभी राहिली. क्लिफ्टनने हा आवाज हजार वेळा ऐकला होता, त्यातला श्वाससुद्धा त्याला पाठ होता. आणि तोच आवाज, मक्याने तेलकट झालेला हात कानावर धरलेल्या, गालगुंडात आपल्याला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडून येत होता. रोंडाने नुसती खुर्ची ओढली आणि आईच्या इतकी जवळ बसली की कोपर बरगडीत लागलं.

गाणं संपेपर्यंत किल्ली आणखी चारदा ठेवली गेली.

* * *

"आता फोटो!" फोटोवाला ओरडला. "ऊन चाललं, मंडळी!"

पण कुणी हलेना. सगळे आपापल्या छातीकडे बघत उभे. साठ बर्निसा, निम्म्यांच्या कपाळावर 'प्रेमाने'. "काढून टाकूया का?" "मग काय, उघडं उभं राहायचं?" "उलटे घालूया." इव्हेट कोपऱ्यात उभी राहून रडत होती. या खेपेला खरं रडत होती, आणि डोळे पुसायलाही बर्निसच होती.

ओझेलाला एकदम तिची कीव आली. पोरीने छापखान्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, हे खरंच होतं.

"ते मार्कर आण इकडे," ती म्हणाली. "आणि रड थांबव. सरळ उभी राहा."

तिने इव्हेटचा शर्ट ताणून धरला आणि बर्निसच्या दोन्ही गालांना दोन मोठाले फुगे काढले, कानापासून हनुवटीपर्यंत. मग हनुवटीखालून डोक्यावर नेऊन फडकं बांधलं आणि विगावर गाठ मारली. मागे सरकून पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "आता मी दिसते."

पहिली हसली ती इव्हेटच. मग जी झुंबड उडाली, विचारू नका! क्लिफ्टन शर्ट ताणून सगळ्यांच्या पुढे. "गालगुंड तुझंच होतं," ओझेला म्हणाली, "तुझे जरा जास्त सुजवते." ऑटिस मामाची बर्निस मुळातच सुजलेली होती, त्याला नुसतं फडकं पुरलं. म्हातारी एस्सी मेने खुर्चीतूनच शर्ट पुढे केला. "मलाही काढ. पण बेताने काढ गं, फोटो चांगला आहे."

रांग संपत आली तेव्हा शेवटी व्हर्डेल उभी होती. पांढऱ्या सुटात, हात पुढे बांधून, चष्मा डोक्यावर सारलेला. डोळ्यांतलं काजळ खाली आलं होतं. तिने सुटाची एक बाही पुढे केली.

"इथे काढ," ती म्हणाली. "चालेल मला."

"मला नाही चालणार," ओझेला म्हणाली. "फोटोत यायचंय ना? मग टॉलिव्हरांसारखा टी-शर्ट घालून ये."

"एकही उरला नाहीये हो, मावशी," इव्हेट कुजबुजली. "तेवढा एकच आहे. तुमचा."

"मग तोच दे. मी आहेच की सगळ्यांच्या छातीवर."

इव्हेटने ट्रिपल एक्स्ट्रा-लार्जची घडी मोडली. व्हर्डेलने त्याच्याकडे पाहिलं, सगळ्या खानदानाकडे पाहिलं, आणि रेशमावरून तो डोक्यात घातला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. ओझेलाने गुडघे टेकून, फोटोवाला ओरडत असताना, सावकाश तिच्या शर्टावर आपले गाल काढले.